वाचलेला वेळ गेला कुणाकडे?

यंत्र आले की वेळ वाचतो, हे आपण सगळेच मान्य करतो. वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडतो, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही. या महिन्यात तोच प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत आणि त्यासाठी हिंगोली जिल्ह्याकडे पाहणार आहोत. शेतात फिरणारे हार्वेस्टर आणि शाळेतल्या गुरुजींची उडालेली झोप यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कुणालाही वाटेल. पण एखाद्या लहान गावातल्या शाळेत जाऊन हजेरीपट उघडला, तर दिवाळीनंतर एकाच मुलाच्या नावापुढे ओळीने पडलेल्या गैरहजेरीच्या खुणांत या दोन्ही गोष्टी एकत्र सापडतात.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या आसपास होती आणि त्यातले बहुतेक लोक खेड्यात राहणारे. साखर कारखाने सोडले तर हजारो हातांना काम देईल असा मोठा उद्योग नाही. पावसाच्या भरवशावर सोयाबीन, तूर, कापूस; पाण्याची सोय असेल तिथे हळद आणि ऊस. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद आहेच. पण जिल्ह्याचे पोट आजही शेतीवर आहे आणि शेतीत जे बदलते ते थेट घराच्या चुलीपर्यंत पोहोचते.

आपल्या समाजात जमीनदार थोडे. मजूर, छोटे व्यापारी आणि शेतीवर अवलंबून असलेले कारागीर जास्त. आपली आडनावेच त्याची साक्ष देतात. नालबंद, पिंजारी, शिकलगार, बागवान, तांबोळी. नालबंदाचे घर बैलांवर चालायचे. पेरणीच्या आधी आणि सुगीच्या आधी गावोगाव फिरून बैलांच्या खुरांना नाल ठोकायचे, त्यावर वर्ष निघायचे. मग ट्रॅक्टर आला. दोन बैलांचा वर्षभराचा चारा सांभाळण्यापेक्षा तासाच्या हिशेबाने ट्रॅक्टर बोलावणे लहान शेतकऱ्यालाही सोपे वाटू लागले. त्यात २०१५ च्या कायद्यानंतर थकलेला बैल विकण्याची वाटही बंद झाली, म्हणून नवा बैल घेताना शेतकरी दहादा विचार करू लागला. बैल गेले, बैलांबरोबर नालबंदाचे काम गेले. त्याबद्दल कुठे मोर्चा निघाला नाही, बातमीही आली नाही. एका घराने हत्यारांची पेटी माळ्यावर टाकली आणि मुलगा शहरात सेंट्रिंगच्या कामाला गेला, एवढेच.

मजुरांचे काम मात्र एकाएकी गेले नाही, ते आठवड्या-आठवड्याने कमी होत गेले. ज्वारीच्या दिवसांत कापणी, खुडणी, मळणी अशी कामे पुरून उरत. मजुरीत धान्य मिळे, कडबा जनावरांना होई. १९९० नंतरच्या काळात सोयाबीन पसरले. शंभर-एकशे दहा दिवसांचे पीक, हातात लवकर पैसा. तरीही खुरपणी उरली होती आणि ती बायांची हक्काची मजुरी होती. तणनाशकाच्या फवारणीने ती बरीचशी संपवली. कापणी उरली होती. पाच-सहा जणांच्या टोळीला एक एकर सोयाबीन कापायला जवळपास दिवस जातो आणि मळणी पुन्हा वेगळी. हार्वेस्टर हे सगळे तासाभरात उरकतो. काही हार्वेस्टर तर पंजाब-हरियाणातून हंगामापुरते येतात आणि काम संपवून पुढच्या जिल्ह्यात जातात. मजुरीचा जो पैसा गावातल्या दहा घरांत फिरायचा, तो आता भाडे आणि डिझेल होऊन गावाबाहेर जातो.

इथे एक गोंधळ समजून घ्यायला हवा. शेतकरी म्हणतो, मजूर मिळत नाहीत. मजूर म्हणतो, काम मिळत नाही. दोघेही खरेच बोलत असतात. सगळ्यांचे सोयाबीन एकाच पंधरवड्यात वाळते. परतीच्या पावसाची भीती असते, शेंगा तडकण्याची भीती असते. त्या पंधरवड्यात प्रत्येकाला एकाच दिवशी माणसे हवी असतात, म्हणून मजुरांचा तुटवडा. उरलेल्या साडेअकरा महिन्यांत त्याच माणसांना कुणी विचारत नाही, म्हणून बेकारी. अशा वेळी शेतकऱ्याने हार्वेस्टर बोलावला तर त्याला दोष देता येणार नाही. पीक डोळ्यांदेखत भिजण्यापेक्षा भाडे परवडले.

यंत्राने माणसाचे हाल कमी केले, हेही विसरून चालणार नाही. हळदीचेच पाहा. पूर्वी हळद शिजवायची म्हणजे मोठ्या कढया, रात्रंदिवस जाळ आणि वाफेत भाजणारे हात. आता स्टीम कुकरमध्ये हेच काम कमी माणसांत, कमी लाकडांत आणि कमी वेळात होते. वाकून वाकून कंबर गेलेल्या आपल्या आया-मावश्यांना विचारा, खुरपणीचे दिवस परत हवेत का? बहुतेक जणी मान हलवून नकार देतील. त्यांना काम हवे आहे, कंबरदुखी नको आहे. म्हणून यंत्राला शिव्या घालून काही साधणार नाही. विचारायचे ते इतकेच: मजुराचा पंधरवडा यंत्राने वाचवला, पण त्या पंधरवड्याची मजुरी त्याला कुठून मिळणार?

यंत्राजवळ जे मजूर उरले, त्यांच्या जिवाचाही हिशेब आहे. मळणी यंत्रात पदर, ओढणी किंवा हात ओढला जाण्याचे अपघात हा जुना प्रश्न आहे. याच अपघातांमुळे देशात १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांचा कायदा करावा लागला. महाराष्ट्रात शेतकरी अपघाताने गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेतून कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. पण ही योजना सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या घरातला एक सदस्य यांच्यासाठी आहे. यंत्राच्या तोंडाशी उभी राहणारी भूमिहीन बाई त्यात बसत नाही. मजुराचा मोबदला वेळेवर आणि पुरा देण्याची प्रेषितांची ताकीद आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या मोबदल्यात मजुराच्या बोटांची आणि हातांची काळजी येते की नाही, याचा विचार यंत्र भाड्याने आणणाऱ्या प्रत्येकाने करावा.

आता गावातून शाळेकडे वळू. सोयाबीनच्या कापणीचा पैसा दसरा-दिवाळीच्या सुमारास हातात यायचा. त्यातून उधारी फिटे, कपडे येत, वह्या येत, हिवाळाभर घर तग धरी. तो पैसा आटला की मुकादमाची उचल घ्यावी लागते. उचल घेतली की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता ठरतो आणि दसरा-दिवाळीनंतर गाडी भरून कुटुंब ऊसतोडीला निघते. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात. काही घरे वीटभट्टीवर जातात, काही पुण्याला किंवा हैदराबादला. स्थलांतराला दुष्काळ, लहान जमिनी, कर्ज अशी इतरही कारणे आहेत, हे मान्यच. पण गावातली शेवटची मजुरी संपली की उरलेली दोरी तुटते. आणि ऊसतोडीतही आता यंत्र आले आहे. २०२३ मध्ये राज्य शासनाने ऊसतोडणी यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी जे कमी असेल तेवढे अनुदान देण्याची योजना आणली. यंत्र घेणाऱ्याला अनुदान आहे. ज्याच्या हातातला कोयता गेला, त्याने पुढे काय करायचे, याचे उत्तर त्या योजनेत नाही.

आईबाप निघाले की मूलही निघते. जूनमध्ये शाळेत आलेले मूल नोव्हेंबरात फडावर असते आणि एप्रिलमध्ये परत येते, तोपर्यंत वर्ष संपलेले असते. मुली तर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठीच नेल्या जातात. यावर उपाय नाहीत असे नाही. हंगामी वसतिगृहाची सोय आहे. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांना त्यातून जेवण आणि अभ्यासाचा आधार मिळतो. बाहेरगावी जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे. ते दाखवले की तिथल्या शाळेने त्याला बसवून घ्यायचे असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुसार वर्गात प्रवेशाचा अधिकार दिला आहे. पण हे सगळे घडवून आणायचे कुणी? घरोघरी जाऊन समजावायचे, यादी करायची, कार्ड भरायचे, मूल कुठे गेले त्याचा माग काढायचा. हे सगळे एकाच माणसाच्या डोक्यावर येते आणि तो म्हणजे गावातला शिक्षक.

त्यात त्याची स्वतःची नोकरीही गुंतलेली असते, हे गावाला सहसा माहीत नसते. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबाने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि ६१ ते ९० मुलांसाठी तीन. राज्याच्या संचमान्यतेचे निकष २०२४ मध्ये आणखी कडक झाले. हंगामापुरती गेलेली काही कुटुंबे दोन-चार वर्षांनी तिकडेच राहतात. पाच-सात घरे कायमची गेली की पट घसरतो, एक पद अतिरिक्त ठरते आणि त्या शिक्षकाचे समायोजन दुसऱ्या शाळेत होते. मागे उरलेल्या दोघांवर पाच वर्ग. त्यातला एक प्रशिक्षणाला गेला की दुसरा एकटाच. हार्वेस्टरने ज्या घराची मजुरी गेली, त्या घराच्या जाण्याने गुरुजींच्या पायाखालची जमीनही सरकते, ती अशी.

शेतात जसे हार्वेस्टर आले, तसे गुरुजींच्या हातात मोबाइल आला. त्याने काम हलके होईल, असे सांगितले गेले होते. प्रत्यक्षात काय झाले? यू-डायस प्लसची माहिती, मुलांचे आधार आणि अपार क्रमांक, पोषण आहाराची रोजची नोंद, उपक्रमांचे फोटो, तातडीने मागवलेले तक्ते. आणि हे सगळे भरून झाल्यावर तपासणीसाठी कागदाच्या नोंदवह्याही हव्यातच. गावात नेट नसले की गुरुजी टेकडीवर किंवा रस्त्यावर जाऊन उभे राहतात. शिक्षण हक्क कायद्याचे २७ वे कलम सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. पण निवडणुकीच्या नावाखाली मतदार याद्यांचे काम वर्षभर मागे लागते, आणि तक्ते तर शैक्षणिकच म्हणवले जातात. शेतात यंत्राने माणसाचे काम नेले, शाळेत यंत्राने माणसावर आणखी काम लादले. दोन्हीकडे निर्णय दुसऱ्याचा आणि ओझे यांचे.

कामाच्या ताणाचा अभ्यास करणारे रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये एक साधी गोष्ट मांडली होती. काम खूप असले म्हणून माणूस मोडत नाही. काम खूप आणि त्यावर स्वतःचा ताबा काहीच नाही, अशी अवस्था आली की ताण सर्वाधिक होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ म्हणजे कामाने आलेला करपलेपणा, याची नोंद कामाशी संबंधित स्थिती म्हणून केली. त्याच्या तीन खुणा सांगितल्या जातात: अंगातले त्राण संपणे, कामाबद्दल मन उडणे किंवा कडवटपणा येणे आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटत राहणे. हा आजार नाही, पण दुर्लक्ष केले तर आजाराकडे जाणारी वाट आहे. आपल्या घरात शिक्षक किंवा शिक्षिका असेल तर या खुणा ओळखा. रात्री दहा वाजता गटावर संदेश वाजला की दचकणे, सुटीच्या आदल्या संध्याकाळीही डोके जड असणे, एरवी लाडक्या असलेल्या मुलांवर विनाकारण ओरडणे. शिक्षिकेची तर दुहेरी कसरत. शाळेतून आल्यावर चूल, मुले, सासू-सासरे आणि मग रात्री मोबाइलवरचे तक्ते.

उर्दू माध्यमाच्या शाळांत एक अडचण वेगळी आहे. अनेक ठिकाणी राखीव जागांसाठी उर्दू जाणणारे उमेदवार मिळत नाहीत, म्हणून पदे वर्षानुवर्षे रिकामी राहतात आणि असलेल्या शिक्षकांवर भार वाढतो. त्यात १ सप्टेंबर २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी, असा त्यात आदेश आहे. हा खटला अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्टच्या नावाने ओळखला जातो. अल्पसंख्याक संस्थांना हा नियम लागू करायचा की नाही, हा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला गेला. वीस-पंचवीस वर्षे शिकवून झाल्यावर पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा परीक्षेला बसण्याची ही धास्ती कित्येक घरांत आहे. चांगला शिक्षक हवाच, परीक्षेलाही आमचा विरोध नाही. पण दिवसभर तक्ते भरणाऱ्या माणसाने अभ्यास कधी करायचा, याचेही उत्तर कुणीतरी द्यायला हवे.

यातले बरेच शिक्षक कुठल्या घरातून आले, हेही आठवू या. कुणाचे वडील सालगडी होते, कुणाचे नालबंद, कुणाची आई खुरपणीला जाऊन डी.एड.ची फी भरत होती. शेतीतून बाहेर पडण्याची ती एक पक्की पायरी होती. २०१२ नंतर भरती कित्येक वर्षे थांबली आणि ती पायरीही निसटली. डी.एड. झालेले किती तरुण आज मोबाइलच्या दुकानात बसले आहेत, ते आपल्या मोहल्ल्यात डोळे उघडून पाहिले तरी कळेल. ज्यांना नोकरी मिळाली, त्यांच्या एका पगारावर भावाचे कर्ज, बहिणीचे लग्न, आईबापांचे औषध असे सगळे लटकलेले असते. गावाला दिसतो तो फक्त पगार.

मग आपण काय करायचे? मोठी धोरणे आपल्या हातात नाहीत. पण काही गोष्टी अगदी हाताशी आहेत.

पहिली गोष्ट, शाळा व्यवस्थापन समिती. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. ही समिती सहीपुरती ठेवू नका. दसऱ्याच्या आधीच बैठक घेऊन कोणती घरे बाहेर जाणार आहेत त्याची यादी करा आणि हंगामी वसतिगृहाची मागणी लेखी द्या. दिवाळीनंतर मागणी करून उपयोग नसतो, तोवर गाडी निघून गेलेली असते. हे काम समितीने केले तर शिक्षकाची निम्मी पायपीट वाचते.

दुसरी गोष्ट, यंत्राचे मालक कोण. औजारे बँकेसाठी शेतकरी गटांना शासकीय अनुदान मिळते. यंत्र बाहेरून येण्याऐवजी गावातल्या गटाचे असेल, त्यावर चालक आणि मिस्त्री गावातलाच पोरगा असेल, तर भाड्याचा पैसा गावात राहील. नालबंदाच्या नातवाने हार्वेस्टर दुरुस्त करायला शिकावे, ही काही अशक्य गोष्ट नाही. लोखंडाशी त्या घराची ओळख जुनी आहे. दर रमजानमध्ये आपण जकात काढतो. त्यातला काही भाग अशा एका तरुणाच्या प्रशिक्षणासाठी आणि हत्यारांसाठी गेला, तर पुढच्या वर्षी त्या घराला हात पसरावा लागणार नाही.

तिसरी गोष्ट, रोजगार हमीचे काम. महाराष्ट्राने १९७७ मध्ये याचा कायदा करून देशाला वाट दाखवली. कामाची मागणी तोंडी करून भागत नाही. ती लेखी करावी आणि पोच घ्यावी. मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुलामुलींनी एक दिवस बसून दहा घरांचे अर्ज भरून दिले, तर एखादे कुटुंब उचल घेण्यापासून वाचेल.

चौथी गोष्ट, शिक्षकाशी आपले वागणे. रात्री आठनंतर गुरुजींना शाळेच्या कामासाठी फोन करायचा नाही, एवढे तरी गावाने ठरवावे. मुलाचा अभ्यास कच्चा राहिला तर ओरडायला जाण्याआधी वर्गात किती मुले आणि किती शिक्षक आहेत, ते मोजून यावे. घरातल्यांनी शिक्षक मुलाला, सुनेला, नवऱ्याला निदान तासभर मोबाइलशिवाय बसू द्यावे. मन फारच खचले असेल तर लाज न बाळगता शासनाच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तिथे बोलायला पैसे लागत नाहीत.

वाचकहो, येत्या सुगीत गावाच्या शिवारात हार्वेस्टर येईल तेव्हा त्याच्याकडे जरूर पाहा, कौतुकही करा. त्याच संध्याकाळी आपल्या गल्लीतली कोणती घरे गाठोडी बांधताहेत, तेही पाहा. त्यातले एखादे मूल आजीजवळ ठेवून घेता आले, तर गुरुजींच्या हजेरीपटावरची एक गैरहजेरी टळेल, आणि एप्रिलमध्ये ते मूल पुढच्या वर्गात जाईल.